इंजिन बंद पडलं तर? हेलिकॉप्टर पायलटला ऑटोरोटेशन कसं शिकवतात, पायरी पायरीने

हेलिकॉप्टर चालवतो म्हटलं की समोरचा माणूस कुठलाही असो, गावाकडचा काका असो नाहीतर पुण्यातला आयटीवाला मित्र, प्रश्न एकच येतो, वर असताना इंजिन बंद पडलं तर सरळ दगडासारखं खाली ना? माझ्या आत्याने तर माझ्या पहिल्या सोलोच्या (एकट्याने उडवण्याच्या) आधी नवस बोलून ठेवला होता आणि तो नंतर तिने फेडलासुद्धा. उत्तर "नाही, दगडासारखं पडत नाही" असंच आहे, पण ते "नाही" फुकट मिळत नाही, त्यासाठी पायलटचा डावा हात घडवावा लागतो आणि त्यात महिने जातात. हा हात कसा घडवतात ते मी आज सविस्तर लिहितोय, कारण मराठीत यावर वाचायला फार काही मिळत नाही आणि नव्याने शिकायला निघालेली आपली पोरं अर्धवट ऐकून घाबरतात किंवा उगाच बिनधास्त होतात, दोन्ही वाईट.

मी शिकलो अमेरिकेत, रॉबिन्सन आर-२२ वर. दोन सीट, छोटं पिस्टन इंजिन, १९७९ साली सर्टिफाय झालेलं मशीन, आणि आजही जगभर हजारो पायलट यावरच पहिले तास काढतात. पुढे जे आकडे देतोय ते आर-२२ चे आहेत. दुसरं मशीन असेल तर त्याचं हँडबुक उघडायचं, इथले आकडे तिकडे लावायचे नाहीत. आणि हे सगळं शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेला असतानाच करायचं, लेख वाचून एकट्याने नाही.

आधी भिरभिरं डोक्यात बसवा

जत्रेतलं कागदी भिरभिरं आठवा. पोरगं ते हातात धरून पळतं, वारा लागतो आणि ते फिरतं, त्याला मोटर लागत नाही. ऑटोरोटेशन म्हणजे तेच. इंजिन चालू असताना हवा वरून खाली ढकलली जाते, इंजिन गेलं आणि मशीन खाली यायला लागलं की हवा खालून वर रोटरमधून, म्हणजे वरच्या फिरत्या पंख्यातून जाते आणि तीच पाती फिरवत ठेवते. पात्याचा सगळा भाग सारखं काम करत नाही, मधला पट्टा, साधारण लांबीच्या पाव भागापासून ते सत्तर टक्क्यांपर्यंतचा, तो वाऱ्यातून ताकद घेऊन रोटर ओढतो, टोकाकडचा भाग ती ताकद खाऊन आपल्याला उचलून धरतो, आणि मधल्या हबजवळचा भाग स्टॉल झालेला असतो, म्हणजे हवेवरची त्याची पकड सुटलेली असते, तो फारसा कामाचा नसतो. ओढणारा आणि खाणारा भाग यांचा हिशोब जुळला की रोटर एकसारखा फिरत राहतो.

मग बंद पडलेलं इंजिन रोटरला अडवत नाही का? नाही, कारण मध्ये फ्रीव्हील असतं, अगदी सायकलसारखं. पेडल मारणं थांबवलं तरी चाक फिरतंच ना, तसंच. टेल रोटर, म्हणजे शेपटीवरचा छोटा पंखा, मुख्य रोटरलाच जोडलेला असतो म्हणून तोही फिरत राहतो आणि पायलटच्या पायाखालचे, नाक वळवणारे पेडल शेवटपर्यंत काम करतात. हुआन दे ला सिएर्वा या स्पॅनिश माणसाचं ऑटोजायरो १९२३ साली उडलं ते याच तत्त्वावर, त्याच्या रोटरला हवेत असताना इंजिनची ताकद मिळतच नव्हती. म्हणजे हे तत्त्व आजच्या हेलिकॉप्टरपेक्षा जुनं आहे.

ग्राउंड क्लासमध्ये विद्यार्थ्याकडून हे मी कागदावर चित्र काढून घेतो. ज्याला हवेचा बाण कुठून कुठे जातो ते काढता येत नाही त्याला मी अजून वर नेत नाही, मग त्याने फी भरलेली असो.

पहिले दोन सेकंद

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवतो, आणि या लेखातही घालवणार आहे.

आर-२२ चा रोटर हलका आहे. नेहमीच्या उडानात तो १०४ टक्क्यांवर, म्हणजे मिनिटाला साधारण ५३० फेरे फिरत असतो. हलका रोटर म्हणजे त्यात साठवलेली ताकद कमी. इंजिन गेलं आणि पात्यांचा पिच (वाऱ्याला धरलेला कोन) तसाच राहिला तर फेरे झपाट्याने उतरतात. ९७ टक्क्यांवर हॉर्न वाजतो आणि दिवा लागतो. पॉवर नसताना ९० टक्क्यांच्या खाली जायचंच नाही ही मर्यादा. आणि ८० टक्के अधिक दर हजार फूट उंचीला एक टक्का, याच्या खाली गेलात तर रोटर स्टॉल होऊ शकतो, आणि हवेत एकदा तो स्टॉल झाला की परत येत नाही. मग मशीन खरंच दगडासारखं पडतं. म्हणजे लोकांची भीती चुकीची नाहीये, फक्त माणसं मारतं ते रोटरचा वेग गमावणं, इंजिन बंद पडणं नव्हे.

तर हातात किती वेळ असतो? सेकंद, दीड सेकंद. विचार करायला तो पुरत नाही, म्हणून विचार आधीच करून ठेवायचा आणि हाताला शिकवून ठेवायचं.

इंजिन गेलं हे कळतं कसं? आवाज बदलतो, नाक डावीकडे वळतं (आर-२२ चा रोटर वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतो म्हणून डावीकडे), इंजिनच्या फेऱ्यांची सुई खाली येते, ऑइल प्रेशरचा दिवा लागतो. यातलं नाक वळणं पार्श्वभागाला पहिलं जाणवतं, डोळ्यांना नंतर दिसतं. मी विद्यार्थ्यांना सांगतो, सीटवर बसलेलं तुमचं शरीर हे पहिलं इन्स्ट्रुमेंट आहे.

मग तीन गोष्टी एकदम. कलेक्टिव्ह, म्हणजे डाव्या हातातली, सगळ्या पात्यांचा पिच एकदम बदलणारी दांडी, खाली, लगेच. उजवं पेडल, नाक सरळ करायला. आणि सायक्लिक, म्हणजे उजव्या हातातली, रोटरची चकती झुकवणारी दांडी, मागे, झटका न देता. हे तिसरं बरेच लोक विसरतात. क्रूझमध्ये वेगात जाताना रोटरची चकती पुढे झुकलेली असते आणि हवा वरून तिच्यात शिरत असते, नुसतं कलेक्टिव्ह पाडलं तर नाक खाली जातं आणि भिरभिऱ्याला वारा मिळायला उशीर होतो. सायक्लिक मागे घेतला की चकती मागे झुकते, वारा खालून लागतो आणि फेरे लगेच सावरतात.

हे शिकवताना जमिनीपासून सुरुवात करायची. मी विद्यार्थ्याला इंजिन बंद असलेल्या मशीनमध्ये बसवतो, हँगरसमोर, आणि बोलता बोलता मध्येच म्हणतो "गेलं". त्याचे दोन हात आणि पाय हलले पाहिजेत. पन्नास वेळा, शंभर वेळा. एका मुलाने मला सांगितलं की सर मी झोपेत डावा हात खाली ढकलतो, बायको विचारते काय करतोयस. म्हटलं छान, आता वर जाऊ.

वर गेल्यावर सरावाची एंट्री

खऱ्या उडानात आधी इन्स्ट्रक्टर करून दाखवतो, विद्यार्थी नुसते हात हलके ठेवून सोबत राहतो. मग सरळ ऑटो (ऑटोरोटेशनला आम्ही थोडक्यात ऑटो म्हणतो), म्हणजे समोर रनवे किंवा मोकळं गवत, समोरून येणाऱ्या वाऱ्याकडे तोंड, आणि शेवटी पॉवर परत घेऊन हॉवर, म्हणजे हवेत एका जागी थांबणं. स्पीड, उंची, वारा, खालची जागा, आजूबाजूचं ट्रॅफिक, सगळं बघून झालं की कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) ओढायची, कारण कमी पॉवरवर कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, आणि तो दमट हवेत वीस-पंचवीस डिग्रीलासुद्धा धरू शकतो, हे आपल्या कोकणातल्या माणसाला सांगितलं तर त्याचा विश्वास बसत नाही. सरावासाठी मुद्दाम केलेल्या ऑटोमध्ये इंजिन खरंच बंद पाडून बसायचं नसेल तर ही कार्ब हीट विसरू नका.

मग कलेक्टिव्ह पूर्ण खाली, आणि थ्रॉटल हळू कमी करायचं, इतकंच की इंजिनची सुई आणि रोटरची सुई एकमेकींपासून थोड्या वेगळ्या होतील. सुया वेगळ्या झाल्या म्हणजे फ्रीव्हील सुटलं, आता रोटर वाऱ्यावर आहे. थ्रॉटल खट्कन बंद करायचं नाही. रॉबिन्सन कंपनीने यावर स्वतंत्र सेफ्टी नोटीसच काढली आहे की न सांगता अचानक थ्रॉटल तोडणं जीवघेणं ठरू शकतं, कारण सरावाला म्हणून थ्रॉटल तोडलं आणि विद्यार्थ्याचा हात तिथेच गोठला, तर इन्स्ट्रक्टरकडेही तेवढाच दीड सेकंद असतो. जुन्या पद्धतीचे काही लोक अजून म्हणतात की सरप्राइज दिल्याशिवाय पोरगं शिकत नाही. मला हे पटत नाही. आधी "तीन, दोन, एक" म्हणून करा, हात पक्का होऊ द्या, सरप्राइज द्यायचंच असेल तर तोंडाने द्या, "इंजिन फेल" म्हणा, थ्रॉटल विद्यार्थ्याच्याच हातात राहू द्या.

खाली येताना

आता मशीन मिनिटाला साधारण पंधराशे ते अठराशे फुटांनी उतरतंय. हजार फुटांवरून सुरू केलं असेल तर जेमतेम पस्तीस-चाळीस सेकंद. पहिल्यांदा हे फार वेगाने होतंय असं वाटतं, दहाव्यांदा तेच चाळीस सेकंद पुष्कळ वाटतात.

वेग ६५ नॉटच्या आसपास धरायचा. कमीत कमी वेगाने खाली यायचं असेल तर ५३ नॉट, आणि जास्तीत जास्त लांब जायचं असेल तर ७५ नॉट आणि रोटर ९० टक्क्यांच्या जवळ, तेव्हा साधारण चार फूट पुढे आणि एक फूट खाली असं गणित बसतं. म्हणजे पाचशे फुटांवर असाल तर सहाशे मीटरच्या पुढचं शेत तुमचं नाही, तिकडे बघूसुद्धा नका. जागा निवडताना लांबच्या सुंदर मैदानापेक्षा जवळचं साधं शेत बरं, आणि तारा बघा. तारा दिसत नाहीत, खांब दिसतात, दोन खांब दिसले की मधे तार आहे असंच धरायचं.

रोटरचे फेरे मीटरवरच्या हिरव्या, म्हणजे सुरक्षित पट्ट्यात राहतील एवढंच कलेक्टिव्ह. मशीन हलकं असेल तर ते जवळजवळ पूर्ण खालीच राहतं. वळण घेतलं की फेरे वाढतात, तेव्हा कलेक्टिव्ह किंचित वर नाहीतर ११० टक्क्यांची वरची मर्यादा ओलांडली जाते, वळणातून सरळ झालं की फेरे उतरतात, परत खाली. आणि एक बारीक गोष्ट, आर-२२ मध्ये कलेक्टिव्ह पूर्ण खाली असताना लो आरपीएमचा, म्हणजे कमी फेऱ्यांचा हॉर्न वाजत नाही, तो तसाच बनवलाय. म्हणजे हॉर्न शांत आहे म्हणून सगळं ठीक आहे असं समजायचं नाही, सुई बघायची. मी विद्यार्थ्याला खाली येताना मोठ्याने बोलायला लावतो, "फेरे, वेग, जागा, फेरे, वेग, जागा", आरतीच्या चालीवर म्हणालास तरी चालेल पण बोल.

शंभर फुटांची चौकी

जमिनीपासून शंभर फुटांवर एक चौकी आहे असं समजा. तिथे चार प्रश्न: रोटरचे फेरे हिरव्या पट्ट्याच्या मध्यावर आहेत का, वेग ६० ते ७० मध्ये आहे का, उतरण्याचा दर नेहमीसारखा आहे का, वळण असेल तर ते पूर्ण झालंय का. चारही हो असतील तर पुढे, एक जरी नाही असेल तर लगेच पॉवर घेऊन निघून जायचं. हे माझं डोकं नाही, रॉबिन्सनच्या सेफ्टी नोटीसमध्येच आहे, आणि ती नोटीस निघाली कारण सरावाच्या ऑटोमध्येच ट्रेनिंगचे बरेच अपघात होतात. त्याच नोटीसमध्ये असंही आहे की एका दमात तीन-चारपेक्षा जास्त ऑटो करू नका, थकवा येतो आणि इन्स्ट्रक्टरचं लक्षही ढिलं पडतं.

ही चौकी मला पटली ती माझ्याच एका चुकीमुळे. १८० डिग्रीचा ऑटो करत होतो, म्हणजे रनवेला समांतर उलट दिशेने जाताना सुरुवात करायची आणि अर्धं वर्तुळ घेऊन उतरायचं. वळण मला उशिरा संपलं, वेग पन्नासच्या खाली गेला होता, तरी मी ठरवलेल्या जागेकडे बघत फ्लेअर (उतरण्याआधी नाक वर घेऊन वेग मोडणं) सुरू केला. इन्स्ट्रक्टरने न बोलता कंट्रोल घेतले, पॉवर लावली, आणि पुढे जाऊन गवतावर उतरवलं. रोटर फिरतच होता, स्किडच्या (चाकांऐवजी असणाऱ्या दोन नळ्यांच्या) खाली गवत आडवं पडलेलं मला अजून दिसतंय. त्याने विचारलं, शंभर फुटांवर तू काय बघितलंस? मी खरं सांगितलं, जागा. फक्त जागा. तो म्हणाला, जागेवर पोचायची घाई आणि फेऱ्यांकडे पाठ, यातच लोक जातात. त्या दिवशी आम्ही अजून एकही ऑटो केला नाही, नुसते सर्किट, म्हणजे रनवेभोवती चकरा मारल्या, आणि प्रत्येक फायनलला (उतरण्याआधीच्या सरळ टप्प्यात) शंभर फुटांवर मी चार प्रश्न मोठ्याने म्हटले.

फ्लेअर आणि उशी

साधारण चाळीस फुटांवर सायक्लिक मागे. नाक वर येतं आणि तीन कामं एकदम होतात: पुढचा वेग मोडतो, खाली उतरणं मंदावतं, आणि रोटरला खालून जास्त वारा लागून फेरे वाढतात. पात्यांचा आवाज जड होतो, तो आवाज ओळखायला शिका. फ्लेअर फार वर केला तर वीस फुटांवर वेग संपलेला आणि खाली अजून हवा, मग फेरे खर्च होतात आणि धप्प. फार खाली केला तर शेपूट आपटते. नजर टेल किंवा जवळच्या गवतावर ठेवायची नाही, पुढे लांब, क्षितिजाकडे, नाहीतर उंचीचा अंदाज हमखास चुकतो.

आठेक फुटांवर सायक्लिक पुढे, मशीन सपाट. मग कलेक्टिव्ह वर, आणि हीच ती उशी जी तुम्ही स्वतःखाली घालता. रोटरमध्ये साठलेले फेरे इथे खर्च होतात आणि ते एकदाच खर्च करता येतात. पाच फुटांवर घाबरून कलेक्टिव्ह ओढलं तर जमिनीला टेकताना हातात काहीच उरत नाही. सरावात याच टप्प्यावर थ्रॉटल देऊन पॉवर रिकव्हरी करतात, सुया परत एक झाल्या की हॉवर. नवीन माणूस इथे थ्रॉटल आणि कलेक्टिव्ह एकत्र ओढतो आणि नाक झपकन उजवीकडे फिरतं, कारण पॉवर परत आली पण डावं पेडल द्यायचं राहिलं.

जमिनीपर्यंतचा पूर्ण ऑटो, म्हणजे पॉवर न घेता स्किड टेकवणं, हा नंतरचा टप्पा. तो मुख्यतः इन्स्ट्रक्टर व्हायला निघालेल्यांकडून करून घेतात. मला वाटतं प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एकदा तरी इन्स्ट्रक्टरच्या हाताने हा अनुभवावा, कारण इंजिनशिवाय स्किड गवतावर घसरत थांबतात तो क्षण अंगावर घेतल्यावर भीतीची जागा बदलते.

हॉवरमधला ऑटो, आणि तो काळा पट्टा

चार-पाच फुटांवर हॉवर करताना इंजिन गेलं तर उलटं. कलेक्टिव्ह खाली पाडायचं नाही! उजवं पेडल, मशीन सपाट ठेवा, स्वतःहून खाली बसू द्या आणि टेकायच्या आधी कलेक्टिव्ह वर. दोन वेगळ्या सवयी एकाच हाताला शिकवायच्या असतात म्हणून हे वेगळ्या दिवशी शिकवलेलं बरं.

आणि प्रत्येक हँडबुकमध्ये उंची-वेगाचा एक आलेख असतो, त्यातला काळा रंगवलेला भाग म्हणजे जिथे इंजिन गेलं तर कितीही चांगला पायलट असला तरी सुखरूप उतरणं कठीण. जमिनीपासून थोडं वर आणि वेग नाही, हा तो भाग, वजन आणि उंचीप्रमाणे थोडा बदलतो. म्हणून टेकऑफला सरळ वर लिफ्टसारखं जायचं नाही, जमिनीजवळ राहून वेग घ्यायचा, मग चढायचं. लग्नात फुलं टाकायला, सभेचं शूटिंग करायला दोनशे फुटांवर थांबून राहा म्हणणारे लोक भेटतात, त्यांना हा आलेख दाखवा आणि नाही म्हणा.

आपल्याकडच्या मशीनवर

नाशिकला गांधीनगरला आर्मीचं कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल आहे, तिथे पिढ्या घडल्या त्या चीता आणि चेतकवर. ही मूळ फ्रेंच मशीन, एचएएलने बनवलेली. त्यांचा रोटर उलट दिशेने, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे इंजिन गेलं की नाक उजवीकडे जातं आणि पेडल डावं लागतं. अमेरिकेत आर-२२ वर पाय घडवून आलेल्याने या मशीनवर बसण्याआधी हे शंभरदा घोकावं. हा चीता म्हणजे फ्रेंच लामा, आणि लामावरच झाँ बुले या टेस्ट पायलटने २१ जून १९७२ ला १२,४४२ मीटर उंची गाठली. तिथे इंजिन विझलं, परत सुरू झालं नाही, आणि तो तेवढ्या उंचीवरून ऑटोरोटेशनने खाली येऊन सुखरूप उतरला. उंचीचा विक्रम तर झालाच, पण इतका लांब ऑटो दुसऱ्या कुणी केलेला नाही. आत्याला मी हीच गोष्ट सांगितली होती.

जुहूहून बॉम्बे हायला जाणारी मशीन दोन इंजिनांची असतात, एक गेलं तर दुसऱ्यावर येता येतं, तिथे सरावाचा भर त्यावर असतो. तरी ऑटो सिम्युलेटरमध्ये घोटून घेतात, कारण गिअरबॉक्स किंवा टेल रोटरची ड्राइव्ह गेली तर दोन इंजिनं असून उपयोग नाही.

टेकल्यावर

इथे लोक सैल पडतात. स्किड घसरत असताना सायक्लिक मागे ओढून ब्रेक मारल्यासारखं करू नका, फेरे कमी झालेले असतात, पाती खाली लवतात आणि शेपटीची नळी कापली जाते. सायक्लिक मध्यावर, नाक पेडलने सरळ, कलेक्टिव्ह हळूहळू खाली, पूर्ण थांबल्यावरच. खरी इमर्जन्सी असेल तर फ्युएल आणि नको ते स्विच हवेत असतानाच, वेळ मिळाला तेव्हाच बंद केलेले असतील, राहिले असतील तर आता करा. मेडे कॉल (रेडिओवरची संकटाची हाक) हवेत असताना देता आला नसेल तर आता द्या. रोटर ब्रेक लावा. आणि सोबतच्या माणसाच्या मांडीवर हात ठेवून त्याला बसवून ठेवा, कारण घाबरलेला माणूस पट्टा काढून पळतो, पाती मंदावताना सगळ्यात खाली येतात, आणि आग नसेल तर ती पूर्ण थांबेपर्यंत दार उघडायचं नाही.